घंगाळातले मासे

माझ्या बाबांना धड दिसेल अशी एकच वस्तू जगात उरली होती, ती म्हणजे त्यांची माशांची टाकी. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग आणि उरलेलं जग कडेकडेने. पण टाकीतला दिवा लावला की त्या उजेडात काहीतरी नारिंगी आणि काहीतरी पांढरं हळूहळू फिरतंय, एवढं त्यांना कळायचं. मग ते खुर्ची टाकीजवळ ओढायचे, मान जराशी वळवायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसायचे. मी देवरूखला गेले की मलाही शेजारी बसवायचे. "बघ, पांढरी बाजाराला निघालीय," म्हणायचे. "आणि हे नारिंगी बुवा उंबऱ्यात बसलेत, पिशवीतून काय येतंय ते बघायला." मी बघायचे तर पांढरा मासा आपला काचेला तोंड लावून उभा. पण बाबांशेजारी थोडा वेळ बसलं की मलाही पांढरीच्या हातात पिशवी दिसायला लागायची.

टाकी मूळची शाळेतली. बाबा, म्हणजे काशीराम गुरुजी, त्या शाळेचे शेवटचे शिक्षक. पट कमी होत होत शाळा बंद झाली. बाकं दुसऱ्या शाळेत गेली, नकाशे तालुक्याला गेले. टाकी कुणालाच नको होती, म्हणून बाबांनी ती रीतसर मागून घरी आणली. पुढे आई गेली, मग डोळे गेले, आणि घरात बाबा आणि ही दोन माशांची मंडळी एवढीच राहिली.

दिवाळीनंतर मी गेले तेव्हा बाबांच्या तळव्याला फडकं बांधलेलं दिसलं. गॅस पेटलाय की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी बर्नरवर हात धरून बघितलं होतं. मी जी भडकले ती भडकलेच. मी रत्नागिरीला कोर्टात टायपिस्ट आहे आणि माझ्या टेबलाशी मोठमोठे वकीलसुद्धा हळू बोलतात, यावरून माझ्या स्वभावाची कल्पना यावी. "आता एक दिवससुद्धा इथे राहायचं नाही," मी म्हटलं.

"मुलीच्या सासरी माणूस पाहुणा म्हणून जातो," बाबा म्हणाले. "ओझं होऊन जात नाही."

पुष्कळ वाद झाल्यावर तडजोड ठरली. ते आधी चार दिवस येऊन राहून बघतील. मासे बरोबर येतील. कुणाला कसलाही त्रास झाला तर अमरदीप, म्हणजे माझा नवरा, त्यांना पुन्हा देवरूखला आणून सोडेल. आणि डोळ्यांबद्दल मी सासरी अवाक्षर काढायचं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच सांगायचं. मला हे बिलकूल पटलं नव्हतं, पण बाबा हटून बसले आणि मी कबूल केलं. परत जाणं म्हणजे त्याच गॅसपाशी जाणं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटेच आम्ही टाकी हलवायला गेलो. अमरदीप मुंबईला नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी येतो. त्याने मित्राचा टेम्पो आणला होता. बाबा खुर्चीत बसून सूचना देत होते, आणि तो "हो मामा, हो मामा" करत बारीक नळीने टाकीतलं पाणी कॅनमध्ये सोडत होता.

"मामा, रत्नागिरीत पाणी आहे हो," शेवटी तो वैतागून म्हणाला. "एवढं वाहून कशाला न्यायचं?"

"आहे ना. पण ते यांच्या ओळखीचं नाही. आधी ओळखीचं घालायचं, मग नवीन थोडं थोडं."

मी फिल्टरचा स्पंज उचलला. काळा, बुळबुळीत. नव्या जागी ही घाण न्यायची नाही म्हणून मी मोरीकडे गेले आणि नळ सोडला.

"रसिका, नळ बंद कर," मागून बाबांचा शांत आवाज आला. "तो तसाच टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेव. ती घाण नाही, त्यांचा संसार आहे."

मासे सगळ्यात शेवटी काढले. पांढरी मुकाट्याने जाळीत आली. नारिंगी बुवांनी अमरदीपच्या शर्टावर पाणी उडवलं. दोघांना त्यांच्याच पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीत सोडलं. बादली मूळची भिंतीच्या रंगाची होती, पण गेली कित्येक वर्षं माशांखेरीज तिच्यात काही पडलं नव्हतं. टाकीच्या तळाशी बोटभर पाणी उरलं होतं, तेवढं राहू दे, असं अमरदीप म्हणत होता. बाबांनी तेही काढायला लावलं. "पाणी डुचमळलं की काचेचे सांधे सुटतात. आणि वरच्या कडेला धरून उचलू नका, तळाखाली हात घाला." टाकी कोरडी झाली. दिवा काढला, वाळू काढली, आणि मग ती नुसती काचेची पेटी राहिली. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. बाबांनी त्या रिकाम्या काचेवर एकदा हात फिरवला आणि आम्ही ती गोधडीत गुंडाळली.

घाट नव्हता, पण धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दऱ्या भरून आलेल्या, झाडांचे शेंडे तेवढे वर. बाबा टेम्पोत पुढे बसले होते, बादली पायांच्या मध्ये, तळवा झाकणावर. मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये चेपलेली. आंब्याच्या कलमांना मोहोर यायला लागला होता, त्याचा वास मध्येच आत यायचा आणि जायचा. अमरदीप खड्डे चुकवत इतका हळू चालवत होता की आम्ही कुठे चाललोय हेच मी विसरून गेले. बाबांचे डोळे मिटलेले होते. "आत्ता पांढरी झोपली," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता ती विचारतेय, अजून किती लांब." मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?" त्यांनी झाकणावरचा तळवा जरा फिरवला. धुक्यातून एक एसटी समोर आली, दिवे लावून, अगदी जवळून गेली, आणि आवाज नंतर आला. मला वाटलं, आम्हीच पाण्यात आहोत आणि बादलीतून कुणीतरी आमच्याकडे बघतंय. हातखंब्याला ऊन लागलं तेव्हा कुठे मी भानावर आले.

रत्नागिरीत नाचण्याला आमचं घर. दारात सासूबाई उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. कमलाबाईंना मी आई म्हणते. बाई साधी, पण व्याह्यांच्या मानपानाच्या बाबतीत भारी कडक.

"जयभीम गुरुजी. या, या. दमला असाल."

"जयभीम विहीणबाई," बाबा म्हणाले, आईंच्या कानापलीकडे दाराच्या चौकटीकडे बघून. आईंनीही वळून चौकटीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. आईंनी चहा आणून टीपॉयवर ठेवला. बाबांना तो दिसला नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर बाबांनी घसा खाकरला, म्हणजे गप्प बस. चहावर साय आली, तसाच तो परत गेला. स्वयंपाकघरात आईंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"गुरुजी माझ्याकडं बघत पण नाय गो. चहाला हात नाय लावला. काय चुकलं काय माझं?"

"त्यांचा स्वभावच तसा आहे," मी म्हटलं, आणि बापाच्या हट्टापायी आपण एका भल्या बाईला छळतोय याचा मला भयंकर राग आला.

तोवर अमरदीपने टाकीचा स्टँड भिंतीशी लावला होता. खिडकीचं ऊन येणार नाही अशी जागा बाबांनीच विचारून विचारून ठरवली. मग ते उठले, चपला काढलेल्या पायांनी स्टँडपुढे दोन्ही बाजूंना चालले आणि थांबले.

"जमीन उताराची आहे."

"ह्यांनी मुद्दाम ढाळ काढून घेतलेला," आई लगेच म्हणाल्या. ह्यांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते जाऊन बरीच वर्षं झाली. "पावसात वाऱ्याबरोबर पाणी आत येतं, ते आपलं आपण दाराकडं जातं. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलंय."

"उत्तमच आहे," बाबा घाईने म्हणाले. "पण टाकीला चालत नाही. जमीन कशीही असली तरी पाणी आपलं सरळच उभं राहतं. टाकी तिरकी असली की सगळा भार एका बाजूला जातो, आणि एखाद दिवशी कोपरा उकलतो. स्टँडच्या पायांखाली पाचरी लागतील. टाकीखाली थर्माकोल." मग जरा थांबून म्हणाले, "जमीन फार छान आहे."

पाचरी, सपाटी बघायची पाणसळ आणि थर्माकोल आणायला मी आणि अमरदीप निघालो. टेम्पोही परत द्यायचा होता. मासे बादलीत होते, झाकण काढून ठेवलेलं. "तासभर मजेत राहतील," बाबा म्हणाले. "लवकर या."

लवकर कुठून येणार? रत्नागिरीतली दुकानं दुपारी झोपतात, हे आम्ही दोघंही इथलेच असून विसरलो होतो. टेम्पो दिला, मित्राची स्कूटर घेतली, एका सुताराकडून पाणसळ आणि लाकडाच्या पाचरी मिळाल्या. पण थर्माकोलवाल्याचं शटर खाली. शेजारचा म्हणाला, चारशिवाय उघडत नाहीत. मग आम्ही मांडवीला जाऊन बसलो. समुद्राला ओहोटी होती. काळी वाळू, तिच्यावर उन्हाचा पातळ थर, लांबवर होड्या जागच्या जागी. एक कुत्रा पाण्यात पाय बुडवून उभा होता आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. सगळं शहर त्या वेळी डोळे मिटून होतं. मलाही डुलकी लागली आणि त्या डुलकीत मी आमच्या घराच्या दारातून आत पोहत गेले. आत आई स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत तरंगत येत होत्या, पदर वर पसरलेला, आणि बाबा सगळीकडे नीट बघत होते.

"मामा राहतील का गं?" अमरदीपने विचारलं.

"मासे राहिले तर राहतील," मी म्हटलं. "आणि कुणाला त्रास झाला असं त्यांना वाटलं नाही तर."

"मग राहिले म्हण. आईला कशाला त्रास होतोय त्यांचा?"

थर्माकोल घेऊन आम्ही घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाबा खुर्चीतच झोपले होते, मान एका बाजूला, पिशवी अजून मांडीवर. आई दारातच भेटल्या, तोंडावर बोट ठेवून, आणि हसत हसत मला हाताला धरून भिंतीशी घेऊन गेल्या.

तिथे पाटावर आमचं तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं. आईंच्या लग्नातलं, एरवी माळ्यावर असतं. ते खाली काढून, चिंच लावून त्यांनी असं लखलखीत घासलं होतं की खोलीत दुसरा दिवा नको. दारातून येणारं ऊन थेट त्यात पडलं होतं, आणि आतल्या पाण्यात आमचे दोन मासे. पांढरी पांढरी राहिलीच नव्हती, सोनेरी झाली होती. छतावर पाण्याचा उजेड हलत होता.

"व्याह्यांचे मासे रंगाच्या बादलीत ठेवायचे काय?" आई कुजबुजल्या. "उद्या कोणी आलं बघायला तर काय बोलतील? पाणी त्यांचंच घातलंय हां, बादलीतलं. आणि तांब्याचं पाणी चांगलं. आपण नाय का सकाळी पितो? त्यांना पण जरा गुण येईल."

मी खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी उपाशीपोटी पितात. मी तर त्या उजेडाकडे बघत राहिले. किती वेळ कोण जाणे. कुणीही काही बोलू नये आणि ऊन तिथून हलू नये, असं मला वाटत होतं.

मग पांढरी वर आली. तोंड पाण्याबाहेर काढून तिने हवा गिळली. पुन्हा गिळली. नारिंगी एका अंगावर कलला होता आणि सरळ व्हायला धडपडत होता.

"कोण पाणी पितंय?" बाबा खुर्चीतून म्हणाले. ते जागे झाले होते. "रसिका, कसला आवाज आहे तो?"

मी उत्तर द्यायच्या आत ते उठले, आवाजाच्या रोखाने आले आणि वाकून हात पुढे केला. बोटं घंगाळाच्या काठाला लागली. काठावरून आत गेली, गोल फिरली, पाण्याखाली गेली. त्यांनी ओली बोटं नाकाशी नेली.

"तांबं?"

त्यांनी बोटं पुन्हा काठावरून फिरवली.

"मासे तांब्यात कोणी टाकले?" बाबा ओरडले. माझ्या जन्मात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता, वर्गातसुद्धा नाही. "अक्कल काय गहाण टाकलीत सगळ्यांनी? तांबं उतरतं पाण्यात! माशाला विष आहे ते, विष! वर चिंचेने घासलंय! आख्ख्या घरात एकाला विचारायची बुद्धी झाली नाही? मी काय मेलो होतो इथे बसून?"

आई भिंतीला टेकल्या. त्यांचा चेहरा इतका पडला की माझ्याने बघवेना. पदर तोंडाला लावून त्या आत निघून गेल्या.

"बादली," बाबा म्हणाले. "कॅनमधलं पाणी ओत. पंप काढ. आधी हवा."

मी बादली विसळली, त्यात देवरूखचं पाणी ओतलं, अमरदीपने पिशव्या उलट्यापालट्या करून हवेचा पंप शोधला. मासे हातानेच उचलून सोडले. नळीतून बुडबुडे सुटायला लागले. अमरदीप घाबराघुबरा होऊन टाकी उचलायला धावला, "स्टँडवर ठेवतो, पटकन भरू, तिथेच सोडू."

"नाही," बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता. "आता ते बादलीतच राहतील. टाकी सरळ होईतोवर तिच्यात पाण्याचा थेंब पडणार नाही. घाईने एक चूक झाली, तेवढी पुरे."

मग आम्ही ती टाकी सरळ केली. मी जमिनीवर पालथी पडून पाचरी सारत होते, अमरदीप स्टँड उचलून धरत होता. पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला पळायचा, पाचर थोडी आत गेली की लाजत लाजत मध्यावर यायचा आणि पुन्हा पळायचा. लांबीत बसला तर रुंदीत हलायचा. स्टँडवर थर्माकोल अंथरला, त्यावर रिकामी टाकी ठेवली, पुन्हा बघितलं. वाळू घातली. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूच कॅनमधलं पाणी सोडलं, चार बोटं भरेल इतकंच. बाबांनी एक हात एका कोपऱ्यात घातला आणि एक दुसऱ्या कोपऱ्यात, काचेला पाणी कुठपर्यंत लागतं ते बोटांनी चाचपलं. "डावीकडे तांदळाएवढं," म्हणाले. मी डावीकडची पाचर तांदळाएवढी ठोकली. स्वयंपाकघरातून आवाज नव्हता. तिथे भांडंसुद्धा वाजत नव्हतं, आणि आमच्या घरात या वेळी भांडी वाजत नाहीत असं कधी होत नाही.

दिवस मावळला. टाकी भरत आली होती. काळा स्पंज आपल्या जागी बसला, फिल्टर गुरगुरला. अमरदीपने दिवा लावला आणि पुढची खोली हिरवट झाली, भिंती मऊ झाल्या. नारिंगीला सोडल्याबरोबर त्याने एक फेरी मारली. पांढरी दगडासारखी खाली गेली आणि वाळूवर आडवी पडली.

"पांढरी कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"तळाशी."

"कल्ले हलतायत?"

मी काचेला नाक लावलं. "हलतायत."

आम्ही वाट बघितली. बाबांची मान वळलेली, डोळ्याचा कोपरा टाकीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर पाण्याची सावली हलत होती. यावेळी त्यांनी पांढरीबद्दल काही रचून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कितीतरी वेळाने ती सरळ झाली, वाळूपासून बोटभर वर आली आणि तिथेच तरंगत राहिली. मग एक शेपटी मारली. मग दुसरी. नारिंगी खाली तिच्याजवळ गेला आणि दोघं मिळून हळूहळू वर आले.

"दिसली," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, संपलं सगळं, आता चांगलंच होणार. इतकं मोकळं ओरडला म्हणजे माणूस घरचाच झाला की. पण बाबांनी डोळे पुसले, खुर्चीवरची पिशवी उचलली आणि अमरदीपला म्हणाले, "उद्या सकाळी मला सोडशील ना? मासे राहू देत इथे. त्यांना पुन्हा हलवणं बरं नाही."

"अहो पण मामा..."

"तुझ्या आईच्या घरात बसून मी तुझ्या आईवर ओरडलो. यापुढे मी कोणत्या तोंडाने राहू?"

मी वाटेत उभी राहिले. त्यांनी मला खांद्याने बाजूला केलं आणि भिंतीला हात लावत लावत ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे.

आत आई ओट्याशी उभ्या होत्या, परातीत पीठ घेऊन. मळायचं सोडून नुसत्या उभ्या. बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

"विहीणबाई, मी फार वाईट बोललो. तुम्ही आपुलकीने केलंत आणि मी तुमचा अपमान केला. मला माफ करा. उद्या मी निघतो."

त्यांनी हे सगळं फ्रिजला सांगितलं. फ्रिज दाराच्या बरोबर समोर, आई डाव्या हाताला. फ्रिजच्या दांडीला आईंचा हिरवा टॉवेल लटकत होता. बाबा त्या टॉवेलला हात जोडून उभे होते आणि उत्तराची वाट बघत होते.

आईंनी फ्रिजकडे बघितलं. मग बाबांकडे. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"गुरुजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी हिकडं हाय."

बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले. ते आवाजाकडे वळले.

"मला दिसत नाही, विहीणबाई," ते म्हणाले.

फ्रिज घरघरत राहिला.

"आनि हे आत्ता सांगताय?" आई एकदम कडाडल्या. पाहुण्यांसमोरची त्यांची जपून बोलायची भाषा कुठल्या कुठे गेली. "सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा! बघत नायत, चहा घेत नायत, काय पाप केलं म्हणून! आनि ही बया, ही पण तोंडाला कुलूप लावून बसली! वर उद्या जातो! कुटं जाता? ओरडायचं नि उठून जायचं? असं पावनं करतात. घरचा माणूस ओरडतो नि मग गुमान जेवायला बसतो."

आई पिठाचे हात तसेच घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, अगदी जवळ.

"काय तरी दिसतं काय?"

बाबांनी मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून प्रयत्न केला. "तुमची साडी कळतेय," ते म्हणाले. "हिरवी आहे."

"निळी हाय."

"मग तेवढंही नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. ते हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. मी तर केव्हापासून रडत होते. आईंनी पिठाच्या हाताने त्यांचं मनगट धरलं, पायाने स्टूल ओढलं आणि त्यांना ओट्याजवळ बसवलं.

"रसिका, ती पिशवी आत ने. कपाटातला खण रिकामा कर अमरदीपचा."

बाबा नाही म्हणाले नाहीत. मी पिशवी नेऊन ठेवून परत आले तेव्हा पहिली भाकरी तव्यावरून उतरत होती. आईंनी तिचा तुकडा मोडला, फुंकर घातली, बाबांचा हात उलगडला आणि न भाजलेल्या तळव्यावर ठेवला.

"गरम हाय हां."

"कळतंय," बाबा म्हणाले.